छोट्या गावात कंटाळा येतो का? येतो, पण दुसऱ्या पावसाळ्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात आयटीत नोकरी, काम आता बहुतेक घरूनच, पती-पत्नी आणि दुसरीतली मुलगी. वाईत घर घ्यायचं मनात आहे. मित्र म्हणतात, "सहा महिने बरं वाटेल, मग डोकं फिरेल." तर छोट्या गावात राहून पुढेपुढे कंटाळा येतोच का?

येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांनी अशा गावात घर घेतलंय ते सहसा कबूल करत नाहीत. पैसे अडकलेले असतात ना.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होते. नोकरीतली बरीच वर्षं तालुक्याच्या गावांत गेली. कोकणात सावंतवाडी, मराठवाड्यात अंबाजोगाई, मधे काही अशी गावं की ज्यांची नावं सांगूनही तुमच्या डोळ्यांपुढे काही येणार नाही, आणि शेवटी वाई. निवृत्तीनंतर वाईतच राहिले. बँकेत साधारण तीन वर्षांनी बदली होते. त्यामुळे नवीन गावात हजर झालेला माणूस पहिल्या दिवसापासून बदलीच्या ऑर्डरीपर्यंत कसा पालटत जातो, हे स्वतःच्या आणि बरोबरच्या कितीतरी लोकांच्या बाबतीत जवळून बघता आलं.

पहिलं वर्ष मजेत जातं, आणि त्या वर्षावरून कुणी काही ठरवू नये. ऑफिस चालत सात मिनिटांवर. दुपारचं जेवण घरी, गरम. रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद होत नाही, कारण मीटर लावायची पद्धतच नसते. भाजीवाली थोड्याच दिवसांत "मॅडम, आज मेथी घेऊ नका, शिळी आहे" असं स्वतःहून सांगायला लागते. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात. त्यांना आपण मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा दाखवतो, ढोल्या गणपतीला नेतो, पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या टेबललँडवर फिरवून आणतो, आणि हे सगळं आपणच बांधून घेतल्यासारखं त्यांचं कौतुक ऐकून घेतो. पहिल्या पावसाळ्यात धोम धरण भरलं म्हणून लोक बघायला जातात, त्यांच्यामागे आपणही छत्री घेऊन जातो.

मग दुसरा पावसाळा येतो. धबधबे तेच असतात, पण आता कपडे वाळत नाहीत हे जास्त दिसतं. वीज जाते. पाहुण्यांचं सगळं बघून झालेलं असतं. पांडवगड झाला, वैराटगड झाला, कमळगड झाला. संध्याकाळी सातच्या सुमाराला बाजार ओसरायला लागतो आणि पुढचे तीन तास समोर येऊन बसतात.

छोट्या गावातला कंटाळा म्हणजे मुख्यतः हे सात ते दहाचे तीन तास, आणि शनिवार-रविवार. दिवसभर माणूस कामातच असतो, मग तो पुण्याच्या बाणेरला असो की वाईच्या गंगापुरीत. शहरात या तीन तासांची दुकानं आहेत: थिएटर, मॉल, हॉटेल, कसले ना कसले क्लास. शिवाय त्यातले दोन तास ट्रॅफिक खातो, म्हणून तिथे कंटाळा कमी दिसतो. दमलेल्या माणसाला कंटाळायला उसंत मिळत नाही. इथे ते तीन तास अख्खे हातात येतात आणि त्यांचं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

शनिवार-रविवारचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा प्रश्न नेमका तिथेच अडणार आहे.

आमच्या बँकेत कुटुंब मागे ठेवून एकटे येणारे अधिकारी बरेच असत. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, आईवडिलांचं आजारपण, कारणं खरी असत. हे लोक शनिवारी दुपारी बॅग घेऊनच ऑफिसला येत. तेव्हा शनिवारी अर्धा दिवस असे. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुटीचा झाला, मग शुक्रवारी संध्याकाळीच निघायचे. सावंतवाडीहून आंबोली घाटाने कोल्हापूरला, अंबाजोगाईहून लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीने परत. तीन वर्षं त्यांनी त्या गावात काढली असं कागदावर म्हणता येईल. खरं म्हणजे ते खोली, खानावळ आणि शाखा या तीन ठिकाणी राहिले. "काय नाही हो या गावात," असं सगळ्यात जास्त हेच लोक म्हणत. आणि त्यांचं बरोबरच होतं, कारण गावात जे काही घडतं ते शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी घडतं: लग्न, वास्तुशांत, क्रिकेटची टूर्नामेंट, सोसायटीची सर्वसाधारण सभा, नाटकाची तालीम, मयताच्या घरी भेटायला जाणं. हे सगळं होताना माणूस एसटीत झोपलेला असेल, तर सोमवारी त्याच्याशी बोलायला गावाकडे विषय नसतो आणि गावाशी बोलायला त्याच्याकडे नसतो.

वाईहून पुणे साधारण नव्वद किलोमीटर. खंबाटकी घाटात अडकला नाहीत तर दोन-अडीच तास. हे अंतर फार फसवं आहे. "वाटलं की पुण्याला जाऊन येऊ" असं म्हणत लोक येतात आणि पहिल्या दोन वर्षांत दर शनिवारी पुण्यात असतात. जुने मित्र, जुनं हॉटेल, आईकडे चक्कर. मग वाईत उरतात सोमवार ते शुक्रवार, लॅपटॉपसमोर. असा आठवडा कुठेही काढला तरी कंटाळवाणाच होणार. सावंतवाडी पुण्या-मुंबईपासून इतकी लांब की दर आठवड्याला जायचं म्हटलं तरी जमत नाही, आणि माझा अनुभव असा की कुटुंबासह तिथे आलेली माणसं वाईतल्यापेक्षा लवकर रुळली. दुसरा पर्याय नव्हता.

आता गावागावांतल्या फरकाबद्दल. "छोटं गाव" म्हणून सरसकट बोलण्यात अर्थ नाही. लोकसंख्येवरूनही काही कळत नाही. २०११ च्या जनगणनेत वाईची वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास होती. सावंतवाडी त्याहून लहान, अंबाजोगाई साधारण दुप्पट. तिन्ही गावं मला राहायला आवडली. आणि अंबाजोगाईएवढंच मोठं, पैशाने तिच्याहून तगडं असं एक बाजारपेठेचं गाव होतं (नाव घेत नाही, तिथले लोक अजून दिवाळीला फोन करतात), तिथे मात्र मी खरोखर दिवस मोजले. ठेवी भरपूर, कर्जवसुली चोख, माणसं प्रेमळ. पण संध्याकाळी सातनंतर हिशोब, जेवण, झोप. गावात बाहेरून येणारा माणूस म्हणजे एकतर बँकेचा नाहीतर पोलीस ठाण्याचा.

अंबाजोगाईत तसं नव्हतं, कारण तिथे दरवर्षी नवी माणसं येत. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तिथे सत्तरच्या दशकात आलं. त्यामुळे कुठून कुठून आलेली शिकाऊ डॉक्टर मुलं-मुली, त्यांचे प्राध्यापक, त्यांचे पाहुणे सतत गावात. दुसरीकडे योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी कोकणस्थ कुटुंबांची कुलदेवता. रत्नागिरीतली नाहीतर पुण्यातली मंडळी लग्नानंतर जोडप्याला घेऊन थेट बीड जिल्ह्यात येतात, आणि मार्गशीर्षातल्या उत्सवाला तर गाव गजबजतं. वर मुकुंदराज आणि दासोपंत या संतकवींची गावाला सवय असल्यामुळे व्याख्यानाला माणूस मिळवायला धावपळ करावी लागत नाही. रेल्वे नाही, त्यासाठी परळीला जावं लागतं. उन्हाळा भाजून काढतो, पाणी हा कायमचा विषय. तरी कंटाळा आला असं मी म्हणणार नाही.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी दोन गोष्टी बघायला सांगते. एक, गावात दरवर्षी बाहेरून नवी माणसं येतात का? कॉलेज, कोर्ट, रुग्णालय, देवस्थान, मोठा कारखाना, काहीही चालेल. दोन, संध्याकाळी सहा ते आठ या वेळात बायकांना पैसे न देता आणि कारण न सांगता बसायला जागा आहे का? सावंतवाडीत मोती तलाव आहे. त्याच्या काठाने संध्याकाळी अर्धं गाव फिरत असतं, बायका, मुली, आजोबा, सगळे. तिथे बसलेल्या बाईला "इथे कशाला बसलात" असं कुणी विचारत नाही. वाईत कृष्णेचे घाट आहेत. त्या बाजारपेठेच्या गावात अशी एकही जागा नव्हती. पुरुषांना टपरी होती, पारावरचा ओटा होता, पेट्रोलपंपाशेजारचं हॉटेल होतं. बायकांना देऊळ, तेही आरतीपुरतं.

याबद्दल छोट्या गावांची तारीफ करणारे पुरुष फारसं बोलत नाहीत. अधिकाऱ्याची बदली झाली की त्याला शाखा मिळते, बायकोला चार भिंती मिळतात. शाखेत त्याला दिवसाला पन्नास माणसं भेटतात आणि सगळी "साहेब" म्हणतात. तिला घरमालकीण आणि दूधवाला. आमच्या घरात उलटा प्रकार होता: बदली माझी आणि मागून येणारा नवरा. त्याची गावातली ओळख "मॅनेजरबाईंचे मिस्टर" एवढीच. सावंतवाडीत तो संध्याकाळी श्रीराम वाचन मंदिरात जायला लागला. १८५२ पासूनचं ग्रंथालय आहे ते. आधी नुसती वर्तमानपत्रं वाचायला. मग रोजच्या टेबलावरच्या दोघांशी बोलणं, मग त्यांच्याबरोबर जत्रेतलं दशावतारी नाटक बघायला रात्रभर जागणं. दशावताराचा हंगाम कार्तिकापासून सुरू होतो आणि प्रत्येक गावच्या जत्रेत पहाटेपर्यंत चालतो. दुसऱ्या वर्षी कुठल्या कंपनीचा कुठला नट कुठल्या भूमिकेत चांगला यावर तो तासभर वाद घालत असे. त्याला रिकाम्या संध्याकाळी लवकर भरता आल्या, कारण पुरुषाला रात्रभर बाहेर राहून पहाटे परत येता येतं. एकट्या बाईने तेच केलं असतं तर सकाळी शाखेत त्याची चर्चा झाली असती. मी गेले, पण त्याच्याबरोबर.

वाईत वर्ष कसं जातं ते सांगते, म्हणजे माझा मुख्य मुद्दा कळेल.

थंडीत कृष्णाबाईचे, म्हणजे कृष्णा नदीचे, उत्सव सुरू होतात. अनेकवचन मुद्दाम. एका गावाचा एक उत्सव, असं इथे नाही. सिद्धनाथवाडी, ब्राह्मणशाही, गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, रामडोह आळी, प्रत्येकाचा आपापला घाट, आपापला मांडव आणि आपापले दिवस. एकीचा झाला की दुसरीचा. कीर्तन, प्रवचन, गाणं, हळदीकुंकू, शेवटी प्रसादाच्या पंगती. हे असं फाल्गुनापर्यंत चालतं. मग रंगपंचमीला बावधनचं बगाड. होळीच्या दिवशी कौल लावून बगाड्या, म्हणजे नवस फेडायला गाड्यावर चढणारा माणूस, ठरतो आणि तो प्रचंड लाकडी गाडा बैलांच्या जोड्या बदलत बदलत शेतांतून ओढत आणतात. त्या दिवशी वाईतली अर्धी दुकानं बंद. मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला. मग पाऊस, मग गणपती, दिवाळी. नोव्हेंबरात बँकेत हयातीचे दाखले द्यायला पेन्शनरांची रांग, आणि त्या रांगेत गावातल्या बातम्यांची देवाणघेवाण इतकी की कॅशियरला मधे मधे ओरडावं लागे.

नवा माणूस पहिल्या वर्षी हे सगळं बघतो आणि फोटो काढतो. दुसऱ्या वर्षी फोटो काढत नाही. तिसऱ्या वर्षी म्हणतो, "तेच तेच असतं." खरं आहे, तेच असतं. कीर्तनकार बदलतो, बाकी मांडवही तोच आणि पंगतीतला मसालेभातही तोच. प्रेक्षक म्हणून बघाल तर तीन वर्षांत संपणारी गोष्ट आहे ही. शहरात असा प्रेक्षक वर्षानुवर्षं खपून जातो, कारण तिथे खेळ बदलत राहतो. इथे प्रेक्षकाची जागाच मुळात कमी आहे. ज्याच्याकडे पावतीपुस्तक आहे, ज्याच्याकडे वाढपी जमवण्याचं काम आहे, ज्याला माइकवाल्याचा ॲडव्हान्स द्यायचाय, त्याला "तेच तेच" वाटायला वेळ नसतो. गेल्या वर्षी भात कमी पडला होता, यंदा तांदूळ किती घ्यायचा यावर त्याचं डिसेंबरपासून भांडण चालू असतं.

माझ्याबरोबर वाईत असलेल्या एका अधिकाऱ्याचं सांगते. नागपूरकडचा, अविवाहित, गावात कुणी ओळखीचं नाही. दुसऱ्या वर्षी अगदी काळवंडला होता. बदलीचा अर्ज लिहून तयार. एकदा आळीतली मुलं वर्गणी मागायला आली. त्याने पैसे दिले आणि सहज विचारलं की जमाखर्च कोण ठेवतं. कुणीच ठेवत नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर आकडे होते, बेरीज तीनदा वेगवेगळी. याने बसून तो नीट मांडून दिला, तेवढंच. पुढच्या वर्षी मुलं मांडवाआधीच घरी आली. मग हिशोब, मग परवानगीचे अर्ज, मग दोन गटांच्या भांडणात मधे बसणं. बदलीचा अर्ज त्याने मागे घेतला असं काही नाही, पाठवला आणि ठरल्या वेळी गेलाही. पण शेवटच्या वर्षात त्याने गावाविषयी कुरकूर केल्याचं मला आठवत नाही. आणि त्याला देवाधर्माची फार आवड होती असंही नाही. हिशोब येत होता.

म्हणजे गावात रमायला "मिळून मिसळून वागा" हा जो सल्ला देतात तो अर्धवट आहे. मिळून मिसळून तर तो आधीही होता, सगळ्यांशी हसून बोलायचा. गावाला तुमचं हसणं नको असतं, एखादं काम अंगावर घ्यायला माणूस हवा असतो. वाचनालयाची कार्यकारिणी, शाळेचं स्नेहसंमेलन, राज्य नाट्य स्पर्धेला जाणाऱ्या हौशी संस्थेत प्रकाशयोजनेच्या वायरी गुंडाळणारा, पोहायला शिकवणारा, काहीही. छोट्या गावात अशा प्रत्येक संस्थेत तीनच माणसं राबत असतात आणि तिघांनाही चौथा हवा असतो. शहरात तुमच्यावाचून कुणाचं अडत नाही. इथे दोन वर्षांत अडायला लागतं, आणि मग तुम्हालाच कधीकधी वाटतं की थोडं कमी अडलं तर बरं.

त्याची किंमत आहे. शहरात एका जिममधल्या माणसाशी वाजलं तर तुम्ही दुसऱ्या जिममध्ये जाता. इथे कार्यकारिणीच्या सभेत ज्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं, तो दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेताना भेटतो, संध्याकाळी घाटावर भेटतो, आणि त्याची सून तुमच्या मुलीची वर्गशिक्षिका असते. अबोला धरता येतो, पण टाळता येत नाही. माझ्या बघण्यातले काही अबोले कर्जाच्या मुदतीपेक्षा लांबले आहेत. मात्र एक सांगते, अशी भांडणं असलेल्या माणसाला गावात कंटाळा आलाय असं मी कधी पाहिलं नाही.

आता दुसरी बाजू. "कंटाळा आला" असं सांगत जी माणसं गाव सोडतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना कंटाळा आलेलाच नसतो. त्यांना सतत कुणीतरी बघतंय हे सोसत नसतं. विशीतली मुलगी गाव सोडताना "इथे काही स्कोप नाही" म्हणते. ते तोंडावर सांगायचं कारण. खरं म्हणजे ती कुणाबरोबर चहा प्यायली हे ती घरी पोचायच्या आधी घरी पोचलेलं असतं. जातीबाहेर प्रेम जमलेल्यांना, लग्न न केलेल्यांना, लग्न मोडलेल्यांना, इतरांपेक्षा वेगळ्या चालीने जगणाऱ्या कुणालाही शहरातली अनोळखी गर्दी म्हणजे मोकळी हवा असते. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गौरवगाण्यावर जे कोरडे ओढले, ते खेड्यांबद्दल होते. तालुक्याचं गाव म्हणजे खेडं नव्हे, हे मान्य. पण भाड्याने घर द्यायच्या आधी तालुक्याच्या गावातही आडनाव विचारतात आणि आडनावावरून नाही कळलं तर मूळ गाव विचारतात. बँकेच्या बदलीवर आलेल्या माझ्या काही सहकाऱ्यांना घर मिळायला महिना-महिना लागला आहे, पगार आणि पद तेच असताना. अशा माणसाला "वाचनालयात जा, रमाल" असं सांगणं म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकणं. त्याने गाव सोडलं तर शहाणपणाच केला असं मी म्हणेन.

तिसरा एक प्रकार आहे, तो तुम्हाला लागू पडू शकतो. आपल्या धंद्यातलं बोलायला कुणी नसणं. अंबाजोगाईत डॉक्टरांना ही अडचण कमी, कारण सोबतीला अख्खं कॉलेज. पण सावंतवाडीत एखाद्या विषयातला एकच तज्ज्ञ असायचा. पेशंटची रांग, पैसा चांगला, मान तर विचारूच नका, आणि तरी बोलता बोलता म्हणायचा, "मॅडम, गुंतागुंतीची केस गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवतो, पुढे काय झालं ते कळतही नाही. चर्चा करायला कुणी नाही." माणूस गावाला कंटाळलेला नसतो, तो हळूहळू आपल्याच कामात बोथट होत असतो.

इथे लोक मला वाईचंच उदाहरण देतात. विनोबा १९१७ मध्ये वर्षभराची रजा घेऊन इथे शिकायला राहिले होते, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश इथे बसून घडवला, मग छोट्या गावात बुद्धीची उपासमार होते असं कसं म्हणता? पण जरा बघा ते कशामुळे झालं. विनोबा आले ते नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे, त्यांच्या प्राज्ञपाठशाळेत, संस्कृत शिकायला. तर्कतीर्थही तिथलेच. विश्वकोशाचं कार्यालय वाईत आलं म्हणून वेगवेगळ्या विषयांची संपादक मंडळी गावात राहायला आली, आणि १९७६ ला पहिला खंड निघेपर्यंत नि त्यानंतरही कितीतरी वर्षं एकमेकांच्या नोंदी तपासत बसली. नदीकाठच्या शांततेने विद्वत्ता येत असती तर प्रत्येक घाटावर एक कोश तयार झाला असता. माणसं एकत्र आणणारी संस्था होती, म्हणून झालं. तुमच्या कामात तुमचे सहकारी स्क्रीनवर असतात, ते काही अंशी पुरतं. पण महिन्यातून एकदा प्रत्यक्ष ऑफिसला जाऊन या, दोन दिवस राहून या, कामाच्या दिवशी. शनिवारी नको. शनिवार वाईचा.

मुलीबद्दल. दहावीपर्यंत छोटं गाव मुलांना फार चांगलं, सायकलवर सगळीकडे जाता येतं. दहावीनंतर मुलं जातातच: पुण्याला, लातूरला, कोट्याला. आणि खरा मोठा कंटाळा आईबापांना तेव्हा येतो, पन्नाशीच्या आसपास, कारण तोवर त्यांच्या ओळखी मुलांच्या शाळेतूनच झालेल्या असतात. मुलं गेली की त्या ओळखीही पातळ होतात. म्हणून एखादं तरी काम असं धरा की ज्याचा मुलीच्या शाळेशी संबंध नाही.

घराचं म्हणाल तर लगेच विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा करार करा, तो वाढवा, आणि दोन पावसाळे भाड्याने काढा. एकाने कळत नाही, वर सांगितलंच आहे. दलाल नदीकाठचं दाखवेल, कारण तिथून देखावा चांगला दिसतो. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, ती पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. बांधणाऱ्यांना कृष्णा ठाऊक होती. धोममधून पाणी सोडल्यावर ते कुठवर येतं हे दलालाला न विचारता त्या आळीतल्या किराणा दुकानदाराला विचारा. जुन्या आळीत शेजार मिळेल आणि पार्किंग मिळणार नाही. बाहेरच्या नव्या सोसायट्यांत पार्किंग मिळेल, पण तिथले निम्मे फ्लॅट पुण्या-मुंबईकरांचे, सोमवारी कुलूप. त्या जिन्यातला सोमवारचा शुकशुकाट एकदा जाऊन अनुभवा, मग ठरवा. आणि राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात वाचनालयाचे वर्गणीदार व्हा, पुस्तकं ऑनलाइन मागवत असलात तरी.

राहता राहिला एक मुद्दा, आणि माझ्या लेखी तो सगळ्यात आधीचा. तुमच्या प्रश्नात तुमच्या नोकरीबद्दल चार ओळी आहेत, मुलीच्या शाळेबद्दल दोन. पत्नी काय करतात, त्यांना वाईत यायचंय का, संध्याकाळी सातला त्यांना तिथे कोण भेटणार आहे, याबद्दल एक शब्द नाही. त्यांनाच विचारून तेवढं कळवा. बाकीचं त्यावर अवलंबून आहे.